नसेतला करंट हळू कसा होतो?

प्रश्न : मॅडम, मी महाल भागात राहतो, वायरिंगची कामं करतो. बाबांना चौदा वर्षांपासून शुगर आहे. सहा महिन्यांपासून तळपाय बधिर होऊन राहिले. नसांची तपासणी केली, पायाला पट्ट्या लावून बारीक शॉक दिले. रिपोर्टात वेग सेकंदाला ३१ मीटर आला, ४०च्या वर पाहिजे म्हणे. डॉक्टर म्हणाले, नसेतला करंट हळू झाला. वायर खराब झाली तर करंट कमी मिळतो, हळू कसा होईल? आणि शरीरात मेन लाइन असते तरी कुठे?
– एक वायरमन, नागपूर

उत्तर : मेन लाइन नाहीच, भाऊ. नसेचा प्रत्येक तुकडा आपली बॅटरी स्वतःजवळ बाळगतो. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर तिथेच आहे.

नस म्हणजे बारीक चेतातंतूंची जुडी. प्रत्येक तंतूच्या भिंतीत पंप असतात. ते एका खेपेला सोडियमचे तीन भारित कण बाहेर टाकतात आणि पोटॅशियमचे दोन आत घेतात. आत साठलेलं पोटॅशियम थोडं थोडं बाहेर झिरपत राहतं, म्हणून आतली बाजू बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टनं ऋण राहते. घरातल्या २३० व्होल्टपुढे हे किरकोळ वाटेल. पण ती भिंत मिलिमीटरच्या लाखाव्या भागापेक्षाही पातळ आहे. त्या जाडीवर हिशेब मांडला तर सेंटिमीटरमागे लाखभर व्होल्टचा ताण पडतो. कोरड्या हवेत तीस हजारांनाच ठिणगी उडते, हे तुम्हाला माहीत असेल.

टाचेला खडा टोचला की तिथला ताण कमी होतो. उणे ७०वरून तो उणे ५५च्या आसपास आला, की भिंतीतली सोडियमची दारं एकदम उघडतात. सोडियम आत घुसतं, आतली बाजू क्षणभर धन होते. मिलिसेकंदभरात ती दारं मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि ताण पहिल्यासारखा होतो. तोवर शेजारच्या तुकड्याला धक्का बसलेला असतो आणि त्याची दारं उघडलेली असतात.

दिवाळीतली लवंगी माळ आठवा. पहिल्या फटाक्याची दारू शेवटपर्यंत जात नाही, प्रत्येक जण आपल्याच दारूनं फुटतो. म्हणून शेवटचा आवाजही पहिल्याइतकाच असतो. नुकता फुटलेला लगेच परत फुटत नाही, त्यामुळे माळ पुढेच सरकते. फरक इतकाच, की नसेची माळ काही मिलिसेकंदांत पुन्हा भरलेली असते. दाताच्या डॉक्टरांचं बधिरतेचं इंजेक्शन सोडियमची हीच दारं बंद ठेवतं. माळ तिथे तुटते आणि दुखणं मेंदूपर्यंत पोहोचत नाही. हॉजकिन आणि हक्सली यांनी माकूळ या समुद्री जिवाच्या मिलिमीटरभर जाड तंतूवर प्रयोग करून १९५२ साली या दारांचं गणित मांडलं. त्यांना १९६३चं नोबेल मिळालं.

आता वेगाचं. एकेक फटाका फुटायला वेळ लागतो, म्हणून उघड्या तंतूतला वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर. पण जलद तंतूंवर मायलिन नावाचं चरबीयुक्त वेष्टन असतं, तुमच्या भाषेत इन्सुलेशन. ते साधारण मिलिमीटर-दीड मिलिमीटरवर खंडित होतं आणि सोडियमची दारं त्या उघड्या फटींत दाटलेली असतात. झाकलेल्या भागातून धक्का झटकन पुढे जातो, नवा स्फोट फक्त फटीत होतो. अशा तंतूंत वेग १०० मीटरपर्यंत जातो. उंबऱ्याला अंगठा ठेचला की ठोकर आधी कळते आणि जळजळ मागाहून येते, ती दोन वेगळ्या तंतूंतून येते म्हणून.

हा वेग मोजताच येणार नाही, असं योहानेस म्युलर यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञालाही वाटत होतं. त्यांचेच विद्यार्थी हेल्महोल्ट्झ यांनी १८५०मध्ये बेडकाच्या नसेवर तो मोजला. स्नायूपासून दूर आणि जवळ, अशा दोन ठिकाणी शॉक द्यायचा आणि स्नायू आखडायला किती उशीर होतो तो फरक पाहायचा. १९७९ साली नागपुरातच, पहिल्या वर्षाला, मी हाच प्रयोग धुरानं काळ्या केलेल्या फिरत्या कागदावर केला. त्या दोन रेषांमधलं केसाएवढं अंतर पाहून माझे हात थरथरले होते. बाबांच्या पायावरची तपासणीही मुळात तीच आहे.

म्हणजे ३१चा अर्थ, वेष्टन झिजलं असावं. वाढलेली साखर वेष्टन आणि आतला तंतू, दोन्हींना इजा करते. वेष्टन गेलं तर वेग उतरतो, तंतूच मेले तर रिपोर्टातल्या लाटेची उंची कमी होते. तुम्ही म्हणता तो ‘करंट कमी’ प्रकार हा दुसरा, तेव्हा उंचीचा आकडाही डॉक्टरांकडून समजून घ्या. बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणीही विचारा. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकतं, आणि त्याच्या कमतरतेनंही मायलिन बिघडतं.

बाबांना घरातसुद्धा अनवाणी फिरू देऊ नका. मे महिन्यात नागपूरची गच्ची बधिर तळव्याला भाजते आणि फोड येईपर्यंत कळत नाही. रोज रात्री त्यांचे तळपाय आणि बोटांच्या बेचक्या तुम्ही स्वतः उजेडात पाहा. पाणी गरम आहे का हे त्यांनी पायानं नव्हे, कोपरानं पाहावं. आणि हा रिपोर्ट जपून ठेवा, पुढच्या तपासणीला तो डॉक्टरांना लागेल.