बाबांना ती गाडी घेऊ दे

चिरंजीवास, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज परवा रात्री वाचला. तिथंच दोन ओळी खरडून मोकळं होता आलं असतं, पण विषय गाडीचा, त्यात बाबा तुझे, म्हणून कागद घेऊन बसलोय. लिहून झालं की फोटो काढून पाठवीन. अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुझी तक्रार अशी, की बाबा पंचाण्णव हजारांत २००८ची वॅगन आर घ्यायला निघालेत. तू नवी कोरी घेऊन द्यायला तयार आहेस, तरी ऐकत नाहीत. आणि वर, लोक काय म्हणतील, पोरगा गुरगावात आणि बाप खटाऱ्यात! तर 'काका, तुमचं ते ऐकतात, तुम्ही समजवा.' बाळा, वकीलपत्र चुकीच्या माणसाला दिलंस. ती गाडी मीच दाखवलीय त्यांना.

आधी माझं सांगतो. बँकेत शेवटची पंधरा वर्षं मी लोकांच्या वाहनकर्जांवर सह्या करत होतो. कर्ज मंजूर झालं की माणूस खुर्चीतून उठताना अर्धा इंच उंच झालेला असायचा, आणि तिसऱ्या हप्त्याला बाजारात दिसला तर नजर चुकवायचा. हे सगळं बघितलेलं असूनही २०१६ला निवृत्त झाल्यावर मी तेच केलं. कर्ज तेवढं काढलं नाही. फंडातले साडेनऊ लाख मोजून चॉकलेटी रंगाची लांबोडकी सेडान आणली. अंबाबाईला नेऊन आणली, चाकाखाली लिंबं ठेवली, गल्लीत पेढे वाटले.

त्याच मे महिन्यात एका लग्नाला गेलो. पंगतीत बसलो, जिलेबी पानात पडली आणि आठवलं, शेजारी एकानं जीप अगदी चिकटवून लावलीय. उठलो, बघून आलो. मठ्ठा वाढला, परत उठलो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा तुझी काकू म्हणाली, "अहो, तिलाच आत आणून पानावर बसवा की." दोन वर्षं हेच चाललं. गर्दीच्या महाद्वार रोडला न्यायची नाही, पावसात काढायची नाही, शेताकडच्या रस्त्याचं तर नावच नको. आणि एवढं जपून एके सकाळी बघतो तर घरासमोर उभ्या गाडीवर कुणा पोरानं दगडानं बदाम कोरलेला. बदाम, त्यातून आरपार बाण. त्या दिवशी मी दुपारपर्यंत जेवलो नाही. साठी उलटलेला माणूस पत्र्यावरच्या रेघेपायी उपाशी बसलाय, हे काकूनं तोंडावर सांगितलं तेव्हा लाज वाटली.

विकली. तोटा किती झाला ते काकूलाही नीट सांगितलेलं नाही, तुलाही सांगणार नाही.

आणि २०१८ला २८ हजारांत २००३ची पांढरी मारुती ८०० घेतली. पंधरा वर्षांची नोंदणी संपत आली होती, परत पासिंगची कटकट नको म्हणून मालक घाईला आला होता. पांढरी आपली म्हणायची. डाव्या दाराचा पांढरा वेगळा, बॉनेटचा वेगळा. काचा हातानं फिरवायच्या, पॉवर स्टिअरिंग नाही, चारच गिअर. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं. थंडीत चालू केलं की शिवणयंत्रासारखं टकटकतं आणि दोन मिनिटांत शांत होतं.

आणलेल्या आठवड्यातच गुजरीत एका हातगाडीनं मागच्या दाराला घासलं. हातगाडीवाला घाबरून बघत राहिला. मी खाली उतरलो, रेघ बघितली, आणि मला काहीच वाटलं नाही. अरे, काहीच! उलट त्याच्याकडून अर्धा किलो पेरू घेतले आणि खात खात घरी आलो. तुझ्या बाबांना जे पाहिजे ते हे आहे. पैसे वाचवायला ते ही गाडी घेत नाहीयेत. पैसे आहेत त्यांच्याकडे, त्यांच्या ठेवी मीच लावून दिल्यात.

तुझ्या वयात गाडी दुसऱ्यांसाठी असते. साहेबासाठी, सासुरवाडीसाठी, सोसायटीच्या पार्किंगसाठी. त्यात काही वाईट नाही, आम्हीही तेच केलं. साठीनंतर मात्र लोक तुमच्याकडे बघायचेच बंद होतात. पहिल्यांदा जरा टोचतं. मग एके दिवशी लक्षात येतं, की कुणी बघत नाही म्हणजे आता आपल्याला पाहिजे ते करता येतं! माझ्या गाडीची रुंदी दीड मीटरसुद्धा नाही. जिथं तुमच्या त्या उंच गाड्या आरसे मिटून उभ्या राहतात, त्या बोळातून मी शीळ घालत जातो. खांब बारीक, काचा मोठ्या, चारी कोपरे बसल्या जागेवरून दिसतात. मागं पार्किंगला कॅमेरा नाही, पण माझी मान अजून वळते.

तू राहतोस त्या गुरगावातूनच ही गाडी निघाली, ठाऊक आहे का? डिसेंबर १९८३मध्ये पहिल्या गिऱ्हाइकाला इंदिरा गांधींनी स्वतः किल्ली दिली होती. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा क्लार्क, सायकलवरून शाखेत जाणारा. पेपरात फोटो बघितला आणि पान उलटलं. ती गाडी आपल्या जन्मात आपली होईल असं वाटायचं काही कारणच नव्हतं. जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तीस वर्षांत ती इतक्या घरांतून फिरलीय, की आता पेट्रोल पंपावर पोरगं नळी लावता लावता म्हणतं, "आमच्या पप्पांकडं होती ही." टोलवाला म्हणतो, हिच्यावरच शिकलो. एका बाईनं तर रंकाळ्यावर थांबवून आत डोकावून बघितलं आणि म्हणाली, वास अजून तोच आहे. त्या सेडानला दोन वर्षांत कुणी हाक मारली नव्हती.

आता एक प्रसंग सांगतो, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. ऐन पावसाळ्यात गगनबावड्याहून परत येत होतो, काकू शेजारी. साळवणच्या अलीकडं क्लच दाबला तर पाय थेट तळाला. वायर तुटली. कोल्हापूर अजून तीसेक किलोमीटर, संध्याकाळ झालेली. उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रीनं एकदा सांगून ठेवलं होतं, ते आठवलं. गाडी बंद करायची, पहिला गिअर टाकायचा आणि तसाच सेल्फ मारायचा. गाडी बेडकासारखी एक उडी मारते आणि चालू लागते. मग दुसरा टाकताना अॅक्सिलरेटर सोडायचा, गिअर नुसत्या बोटांनी मागं टेकवून धरायचा आणि वाट बघायची. इंजिनाचा आवाज उतरत उतरत एका ठिकाणी येतो, तिथं दांडा स्वतःहून आत सरकतो. दाबला तर करकरतो. पहिल्या दोन खेपेला करकरला. तिसऱ्या खेपेला लोण्यात सुरी जावी तसा गेला, आणि मी त्या पावसात एकटाच 'वा!' म्हणून ओरडलो.

थांबायचं मात्र नाही, ही एकच अट. कळ्याच्या बाजारात काकू खिडकीतून हात काढून "सरका, सरका, क्लच नाही हो!" असं ओरडत होती. लोकांना काय कळलं कोण जाणे, पण सरकले. तुझी काकू चाळीस वर्षांत गाडीत इतकी हसलेली मी बघितली नव्हती. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं साडेपाचशेत वायर घालून दिली आणि म्हणाला, "काका, आता कुठं तुमास्नी गाडी याय लागलीया बघा." बँकेनं निवृत्तीला दिलेल्या मानपत्रापेक्षा हे वाक्य मला जास्त लक्षात आहे. तेव्हापासून डिकीत एक जादा वायर असते.

आणि एक गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. आई गेल्यापासून बाबा संध्याकाळी फिरायला जातात असं तुला फोनवर सांगतात ना? ते फिरायला जात नाहीत. दर शनिवारी माझ्याबरोबर त्या गॅरेजात येतात, स्टुलावर बसतात, चहा पितात आणि बघत राहतात. ज्या माणसानं जन्मात कधी बॉनेट उघडलं नाही, त्यांनी गेल्या महिन्यात मिस्त्रीच्या आधी ओळखलं, की एका गाडीचा फॅन बेल्ट ढिला आहे. नुसत्या आवाजावरून. घरी जाताना गप्पच होते, पण रिक्षा न करता चालत गेले. तू देशील त्या नव्या गाडीचं बॉनेट उघडलं तर वर काळं प्लास्टिकचं झाकण, आणि काही झालं की सर्व्हिस सेंटरचा फोन. त्या गाडीत त्यांना करायला काय आहे?

आता तुझ्या शंका. पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालत नाही, असं तू लिहिलंस. तो बडगा तुमच्या दिल्ली-एनसीआरचा. इथं पंधरा वर्षं झाली की आरटीओत गाडी दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, आणि पास झाली की पुढची पाच वर्षं मिळतात. फी मात्र वाढलीय. मी २०१८ला सहाशे भरले होते, २०२३ला पाच हजार भरले, आणि आता वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार केलेत. म्हणजे २०२८ला मला गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी फी भरायची आहे. भरणार. बाबांच्या गाडीचं नूतनीकरण २०२३ला झालंय, त्यामुळे सध्या काळजी नाही.

कागदांत एक जागा मी तुला बँकवाला म्हणून सांगतो, कारण तिथं शहाणी माणसं फसतात. कर्ज फिटून दहा वर्षं झालेली असतात, पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या दाखल्यावर, बँकेचा बोजा तसाच असतो, कारण फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, नेऊन तो उतरवायचा कंटाळा केलेला असतो. तो आधी उतरवून घे, मग पैसे दे. थकलेली ई-चलनं ऑनलाइन बघ. गाडी नावावर करायचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म त्याच बैठकीत सही करून घे.

विकणारा म्हणतोय, 'डॉक्टरची गाडी, एकहाती.' मी आजवर जेवढ्या जुन्या गाड्या बघितल्या त्या सगळ्या डॉक्टरांच्याच होत्या. कोल्हापुरात इतके डॉक्टर नाहीत. सकाळी जा, इंजिन गार असताना, आणि त्यानं आधीच चालू करून ठेवली असेल तर चहा पिऊन परत ये. पायाखालची मॅटिंग उचलून बघ. खाली गंज किंवा ओल असेल तर रंग कितीही चकाकू दे. गाडीच्या किमतीच्या निम्मे पैसे बाजूला ठेव, टायर, बॅटरी, टायमिंग बेल्ट आणि पेट्रोलचे रबरी पाइप यांसाठी. पाइप नक्की बदल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते आपल्याच साखर कारखान्यांचं पुण्य, पण २००८च्या रबराला ते सोसेलच असं नाही.

वॅगन आरच का, असंही विचारलंस. गुडघ्यांमुळं. माझ्या ८००मध्ये बसणं म्हणजे पाटावर बसणं. वॅगन आरची सीट उंच, त्यात खुर्चीत बसल्यासारखं बसता येतं.

एका बाबतीत तू बरोबर आहेस, आणि तिथं मी तुझ्या बाजूनं बोलणार आहे. या गाड्यांत एअरबॅग नाहीत, जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारं एबीएस नाही. 'जुना पत्रा कसा दणकट' असं जो म्हणतो त्याचं ऐकू नकोस, तो पत्रा पापडासारखा असतो. नवी गाडी धडकेत माणूस वाचवते, ही वाचवेलच असं नाही. म्हणून मी हायवेला सत्तरच्या पुढं जात नाही, रात्री लांबचा प्रवास करत नाही, आणि नातवंडं आली की ती मुलाच्या गाडीत बसतात, कितीही रडली तरी. बाबांकडून हे तिन्ही कबूल करून घे. मी समोर असेन, म्हणजे नंतर शब्द फिरवायला नको.

लोकांचं म्हणशील, तर तुझ्या बाबांच्या गल्लीत चार दिवस बोलतील. पाचव्या दिवशी कुणाला तरी दवाखान्यात न्यायचं असेल आणि दारात हीच उभी असेल.

गौरी-गणपतीला येशीलच. रविवारी सकाळी सातला आपण तिघं गाडी बघायला जाऊ. येताना बाबांच्या फ्रीजवरचं ते तू सिंगापूरहून आणलेलं चुंबक खिशात टाक. दारं, मडगार्ड, चाकाच्या वरची कमान, सगळीकडून फिरवू. जिथं ठोकून लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायचा लगदा, भरलेली असेल तिथं ते धरत नाही, घसरून हातात येतं. भारी चुंबक मुद्दाम आणू नकोस. ते जाड लांबीवरूनही ओढ घेतं आणि फसवतं, फ्रीजवरचं हलकंच बरं.

काकूचे आशीर्वाद.

तुझा,
काका