नव्या शिक्षकांसाठी वर्गणी

प्रश्न : आमच्या शाळेत यंदा तीन नवे शिक्षक रुजू झाले. वर्गासाठी लागणारं बरंचसं ते पदरमोड करून आणतात. पालक वर्गणी काढायला तयार आहेत. वस्तू द्याव्यात की पैसे?

उत्तर : दोन्ही द्या, पण आधी मुख्याध्यापकांची लेखी संमती आणि शिक्षकांकडून यादी घ्या. यादीविना वस्तू जमवल्या की पृथ्वीगोल चार येतात आणि फळ्याचा मार्कर एकही येत नाही.

नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सगळं सुचत नाही. म्हणून शाळा सुरू होण्याआधी छोटी यादी घ्या आणि साधारण सहा आठवड्यांनी दुसरी. खरी गरज दुसऱ्या यादीत दिसते, तेव्हा निम्मी वर्गणी तोवर राखून ठेवा.

सर्वांत जास्त संपतो तो कागद. 40 मुलं, रोज एक सरावपान, महिन्याचे 20 दिवस, म्हणजे 800 पानं. 500 कागदांचं एक रीम संपून दुसरंही निम्म्याहून जास्त जातं. मार्कर आडवे ठेवायला सांगा. टोक वर करून ठेवले तर शाई खाली बसते आणि नवा मार्करही फिका उमटतो. देणगीत पर्मनंट मार्कर आला आणि कुणी त्याने फळ्यावर लिहिलंच, तर त्याच अक्षरांवर पुसता येणारा मार्कर गिरवून ओलं असतानाच पुसावं.

ज्यांना पैसे देणं जमत नाही त्यांनी दोन तास द्यावेत. नव्या शिक्षकाकडे वेळच सर्वांत कमी असतो. शब्दकार्डं लॅमिनेट करायची असतील तर कार्डं आधी कापावीत, पाऊचमध्ये एकमेकांपासून निदान 6 मिमी दूर ठेवावीत आणि नंतर चहूबाजूंनी 3 मिमी प्लॅस्टिक सोडून कापावीत. पकड प्लॅस्टिकला प्लॅस्टिकची असते. कागदाच्या कडेला लागून कात्री चालवली की मुलांच्या हातात कार्ड उकलतं.

पैशांच्या बाबतीत ‘आधी खर्च करा, मग पावती द्या’ ही पद्धत नको. पहिला पगार व्हायचा असतो, तेव्हाच हात आखडलेला असतो. प्रत्येकाला ठरावीक खेळती रक्कम आगाऊ द्या. पावत्या येतील तेवढीच पुन्हा भरा. किरकोळ खरेदीला पावती मिळत नाही, तिथे सही केलेली चिठ्ठी चालेल असं आधीच ठरवा. खातं दोघांच्या सहीचं असावं, कुणा एकाचं वैयक्तिक नको. आणि कोणी किती दिले हे शिक्षकांना कळू देऊ नका. उद्या त्याच घरातल्या मुलाचे पेपर त्यांना तपासायचे असतात.

प्रश्न : शिक्षकाची बदली झाली तर वस्तू कुणाच्या?

उत्तर : हे वस्तू देतानाच लिहून ठेवा. कपाट, पुस्तकं, लॅमिनेटर शाळेचे. त्यांची डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद हवी. शिक्षकाने स्वतः तयार केलेली कार्डं आणि तक्ते मात्र, कागद वर्गणीतला असला तरी, त्याच्याबरोबर जाऊ द्यावेत.