मेटलर्जीला (धातू अभियांत्रिकीला) प्रवेश घेतलास, तर एवढं ऐक

कॉम्प्युटर मिळालं नाही म्हणून इथे आलो, हे आधी डोक्यातून काढून टाक. शाखा सुंदर आहे, तिला वेळ मात्र द्यावा लागतो.

पहिलं वर्ष सगळ्यांसारखंच. खरी कसोटी पुढे थर्मोडायनॅमिक्समध्ये. मी तो विषय घोकंपट्टी करून काढला आणि फेज डायग्राम, डिफ्यूजन, हीट ट्रीटमेंट शिकताना पावलोपावली अडलो. गिब्ज फ्री एनर्जीचे आलेख स्वतःच्या हाताने काढ. पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या खाली थंड होताना ऑस्टेनाइटचं (तापलेल्या पोलादातल्या रचनेचं) पर्लाइट, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांची रचना, का होतं, हे न बघता सांगता आलं पाहिजे.

मेटॅलोग्राफीचं, म्हणजे धातूचा नमुना घासून मायक्रोस्कोपखाली बघण्याचं, प्रॅक्टिकल पार्टनरवर सोडू नकोस. एमरी पेपर बदलताना नमुना ९० अंशांत फिरव. आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद घ्यायचा नाही. मग मखमली कापडावर अ‍ॅल्युमिना, शेवटी २ टक्के नायटल (अल्कोहोलमधलं नायट्रिक अ‍ॅसिड), तेही काही सेकंदच. चकाकी किंचित मंदावली की लगेच पाण्याखाली धर, अल्कोहोलने धुऊन वाळव. पर्लाइटचे पट्टे मला पहिल्यांदा दिसले तेव्हा मायक्रोस्कोपवरून डोळा हटेना.

क्रेडिटचा हिशोब दर सेमिस्टरला स्वतः ठेव, ऑफिसवर विसंबू नकोस. माझ्या एका मित्राला शेवटच्या सेमिस्टरला कळलं की एक इलेक्टिव्ह कमी पडतंय. इलेक्टिव्ह निवडताना सोपं काय ते बघू नकोस. पॉलिमर, सिरॅमिक किंवा कॉम्प्युटेशनल मटेरियल्स यांपैकी एक तरी घे. गेट या एम.टेक. प्रवेशाच्या परीक्षेला मेटलर्जीचा स्वतंत्र पेपर असतो, त्याचा अभ्यासक्रम तिसऱ्या वर्षीच समोर ठेव.