घरावर सोलर बसवलं तर सरकार किती पैसे देतं? खालच्या दुकानालाही मिळतात का?

घराला मिळतात, दुकानाला नाही. पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी फक्त घरगुती मीटरला आहे. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. म्हणजे तीन किलोवॅटला ७८,०००, आणि पुढे पाच बसवा की दहा, आकडा तोच.

आमच्या घरी महिन्याला तीनशेच्या आसपास युनिट जळायची, म्हणून आम्ही तीनच किलोवॅट बसवले. एका किलोवॅटला दिवसाकाठी सरासरी चार युनिट धरा. पावसाळ्यात बरीच कमी होतात, पण उन्हाळ्यात जास्तीची वीज नेट मीटरमधून (दिलेली आणि घेतलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) जमा झालेली असते. गच्चीवर किलोवॅटमागे शंभर चौरस फूट जागा लागते, तीही सावली न पडणारी. शेजारच्या नारळाची सावली दुपारी तीननंतर कुठवर येते ते आधी उभं राहून बघा.

आम्ही अडकलो ते नावावर. लाइट बिल वडिलांच्या नावावर होतं आणि ते जाऊन चार वर्षं झाली होती. अर्ज ग्राहक क्रमांकावरून भरायचा असतो, त्यामुळे आधी बिलावरचं नाव बदलून घ्यावं लागलं. त्यात दोन महिने गेले. तुमचं बिल आजच काढून बघा, कळकळीने सांगतो.

दुसरं म्हणजे पॅनेल. एका ठेकेदाराने सगळ्यांपेक्षा कमी भाव दिला. खोदून विचारलं तेव्हा कळलं, पॅनेल बाहेरदेशचे. सबसिडीला डीसीआर पॅनेलच लागतात, म्हणजे सेलसुद्धा भारतात बनलेले. "काका, सबसिडी येईल हो" एवढ्यावर विसंबू नका. कोटेशनवर 'डीसीआर' असं लिहून घ्या.

पैसे आधी पूर्ण भरावे लागतात. नेट मीटर बसून तपासणी झाली की सबसिडी थेट बँक खात्यात येते. तोवर हात आखडणार असेल तर या योजनेसाठी बँका कमी व्याजाने, तारण न घेता कर्ज देतात.

दुकानाचा फायदा आयकरात आहे. धंद्यासाठी घेतलेल्या सोलरवर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, म्हणजे शिल्लक किमतीचा तेवढा भाग नफ्यातून खर्च म्हणून वजा होतो. मात्र आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी निम्माच. धंदा नफ्यात असेल तर सप्टेंबर संपायच्या आत सुरू होईल असं बघा, आणि सीएला आधीच विचारा.