मिक्सर घेताना अडलेल्यांसाठी

साधा मिक्सर घ्यायचा तरी तीन आठवडे तळ्यात-मळ्यात चालते, असे तुम्ही म्हणता. मी तर एका मिक्सरपायी सबंध उन्हाळा घालवला आणि तोवर वाटण घेऊन शेजारणीचे दार ठोठावत राहिले. माहिती कमी पडत नव्हती, उलट ती फार झाली होती. ‘सर्वांत उत्तम तेच हवे’ हा हट्ट नडत होता. १९७८चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले हर्बर्ट सायमन यांनी दाखवून दिले की सगळे पर्याय तपासणे माणसाच्या आवाक्यातच नसते, म्हणून आपल्या गरजेला पुरेसा पर्याय सापडला की माणूस तिथे थांबतो. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी तीनच अटी कागदावर लिहा. माझ्या अटी ७५० वॅटची मोटर, चटणीचे छोटे भांडे आणि घराजवळ दुरुस्तीची सोय, एवढ्याच होत्या. त्यांत बसेल तो पहिला मिक्सर घ्यावा आणि नंतर किमती पाहत बसू नये, कारण खरी चुटपुट तिथेच लागते.

आज भाजी कोणती करायची, हा घोळही असाच रोजचा; त्यासाठी कोणत्या वारी कोणती भाजी, हेच ठरवून टाका. शनिवारी रात्री मटकी भिजत घातली आणि रविवारी उपसून फडक्यात बांधली, की सोमवारचा प्रश्न उरतच नाही. घर किंवा नोकरी बदलण्याला मात्र हा उतावळेपणा लावू नका. तिथे वेळ घ्यावा, फक्त निर्णयाची तारीख आधीच घरच्यांना सांगून ठेवावी. माझ्या मिक्सरचे झाकण जरा सैल निघाले, म्हणून वाटताना त्यावर हात ठेवते.