गोड वाइन, पण श्रीखंडासोबत नको

प्रश्न : भाच्याने फ्रान्सहून ‘म्युस्का द बोम द व्हनीझ’ आणली. ही इटलीतल्या व्हेनिसची का?

नाही. बोम द व्हनीझ हे दक्षिण फ्रान्समधलं, ऱ्होन नदीच्या खोऱ्यातलं गाव, आव्हिन्यॉंपासून जवळच. ‘बोम’ म्हणजे तिथल्या जुन्या प्रोव्हान्साल बोलीत गुहा, आणि ‘व्हनीझ’ आलं ‘कोंता व्हेनेसँ’ या मुलखाच्या नावावरून. हा मुलूख 1791 पर्यंत पोपच्या ताब्यात होता. म्युस्का ही द्राक्षाची जात, तीही बारीक मण्यांची. या वाइनला गावाच्या नावाचं कायदेशीर संरक्षण 1945 साली मिळालं.

प्रश्न : लेबलवर 15 टक्के अल्कोहोल आहे, तरी पाकासारखी गोड. साखर घालतात का?

चिमूटभरही नाही. द्राक्षाचा रस आंबत असताना यीस्ट साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. ते अर्ध्या वाटेवर असतानाच रसात सुमारे 96 टक्क्यांचा द्राक्षाचाच मद्यार्क ओततात, रसाच्या 5 ते 10 टक्के इतका. एवढ्या अल्कोहोलात यीस्ट तग धरत नाही. आंबणं थांबतं आणि उरलेली साखर तशीच राहते, लिटरला किमान 100 ग्रॅम. या युक्तीचं श्रेय परंपरेने तेराव्या शतकातल्या आर्नो द व्हिलनव या वैद्याला देतात. गंमत म्हणजे वरून मद्यार्क ओतूनही फ्रेंच कायदा या प्रकाराला ‘नैसर्गिक गोड वाइन’ म्हणतो! गोडवा द्राक्षाचाच, एवढ्यापुरतं ते खरं आहे.

प्रश्न : पाहुण्यांना श्रीखंडासोबत दिली, तर चक्क आंबट लागली. बाटली खराब निघाली का?

बाटली निर्दोष आहे, दोष श्रीखंडाचा. पेढा खाऊन चहा घेतला की चहा फिका लागतो ना, तसंच. ताटातला पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की वाइनचा गोडवा हरवतो आणि नुसता आंबटपणा पुढे येतो. गुलाबजामसोबत तर तिला बसवूच नका.

मुळात तिच्या गावी ती जेवणाआधी घेतात, पिकलेल्या खरबुजाच्या फोडींबरोबर. जेवणानंतर गोडासोबत घेण्याची सवय इंग्रजांची. मला विचाराल तर खरबूज, भाजलेले बदाम, नाहीतर रोकफोरसारखं खारट, निळ्या बुरशीचं चीज. खारट-गोडाची ही जोडी एकदा जमली की श्रीखंड आठवणारही नाही. पेला लहान घ्या, वाइन 8–10 अंशांवर गार करा. कोमट झाली की तीच वाइन चिकट लागते.

प्रश्न : गोव्यात ‘पोर्ट’ मिळते, तीच का ही?

नाही. गोव्यात त्या नावाने मिळते ती बहुधा लाल, गोड वाइन. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातलीच. पोर्तुगीज वळणाचंच काही हवं असेल तर लिस्बनच्या दक्षिणेची ‘मोश्कातेल द सेतुबाल’ शोधा. तिच्यात मद्यार्क घातल्यावरही द्राक्षांच्या साली काही महिने मुरत ठेवतात, म्हणून संत्र्याच्या सालीसारखा वास येतो. पूर्वी तिची पिंपं जहाजावर घालून विषुववृत्तापार नेत आणि परत आणत. उन्हाने आणि हेलकाव्यांनी ती अधिक चांगली मुरते असा अनुभव होता. अशा वाइनला ‘तोर्ना व्हियाजें’ म्हणतात. बेबिंकासमोर कोणी टिकलीच, तर पिंपात बरीच वर्षं मुरलेली सेतुबाल टिकेल.

प्रश्न : उघडलेली बाटली किती दिवस टिकते?

बूच लावून फ्रिजमध्ये दोनेक आठवडे. न उघडलेली म्युस्काही जपून ठेवू नका. तिचा फुलांचा वास ताजेपणीच असतो. सेतुबाल मात्र खुशाल विसरून जा.