आजोबांची जुनी रॅले सायकल नागपुरात विकायची आहे, किंमत कशी काढू?

वयावरून नाही, सायकल कुठे बनली आणि मूळचे किती भाग शाबूत आहेत यावरून किंमत काढा. जुन्या सायकली दुरुस्त करतो, म्हणून सांगतो: हँडलखालचा बिल्ला नीट वाचा, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमची रॅले आणि आपल्याकडच्या आसनसोलला बनलेली सेन-रॅले यांना एकच भाव येत नाही. मागच्या चाकाला स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब, म्हणजे चाकाच्या मधला गोल भाग, असेल तर तो रॉकेलनं पुसा. त्यावर बहुधा साल कोरलेलं असतं. ५८ म्हणजे १९५८. मात्र हब नंतर बदललेलाही असू शकतो, त्यामुळे तेवढ्यावर सायकलचं वय पक्कं धरू नका. कृपा करून नवा रंग मारू नका, मूळच्या सोनेरी रेघा गेल्या की भाव पडलाच. इतवारीतल्या भंगारवाल्याला तर आधी दाखवूच नका, तो लोखंडाच्या वजनानंच बोलेल.